ओव्हरटाइमच्या बसचे दिवस

आमच्या कंपनीच्या बसमध्ये कुठलीही जागा कुणाच्या नावावर नाही, पण प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. वाकडला बस जवळजवळ रिकामी येते. मी डाव्या बाजूच्या खिडकीशी बसते आणि शेजारच्या जागेवर डब्याची पिशवी ठेवते. काळेवाडी, पिंपरी, भोसरी असे थांबे घेत बस भरत जाते. चढणाऱ्या बायका त्या पिशवीकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात आणि मागे जातात. एरवी कुणाला साधे ‘सरका’ म्हणण्याचेही धैर्य मला नाही. पण ती पिशवी मात्र मी मोशी येईपर्यंत हलू देत नसे.

मोशीला ताई चढायच्या. पिशवी उचलून मांडीवर घ्यायच्या, डब्यात काय आहे ते वासावरून ओळखायचा प्रयत्न करायच्या आणि बहुधा चुकायच्या. मोशीच्या जुन्या गावकरी घरातली ही बाई आमच्या चाकणच्या कारखान्यात स्टोअर सांभाळते. वयाने माझ्याहून थोडी मोठी. सगळे तिला ताईच म्हणतात, मीही म्हणते. तीन हंगाम ती बॅडमिंटनच्या दुहेरीत माझी जोडीदार होती. चौथ्या हंगामाआधीच्या काही आठवड्यांत तिच्या शेजारची जागा माझ्या हातून गेली. बसमधली नव्हे, कोर्टावरची. पण सुरुवात बसमध्येच झाली.

मी क्वालिटी विभागात आहे. शिक्षण पुष्कळ झाले, पण त्यात खेळ कुठेच नव्हता. शाळेत मैदानाचा तास सुरू झाला की मुली आपली घड्याळे, कानांतले डूल, केसांच्या पिना माझ्या ओंजळीत ठेवून पळत सुटायच्या. तास संपला की जिची वस्तू तिला मी बिनचूक परत करायची. आपल्याला यापलीकडे मैदानावर काही काम आहे, असे चाळिशी उलटेपर्यंत वाटले नाही. मग डॉक्टरांनी रक्तातली साखर दाखवून धाक घातला आणि मी जेवणाच्या सुट्टीत कंपनीच्या हॉलच्या दारात जाऊन उभी राहू लागले. आत बायका खेळत असत. मी बघत असे.

एके दिवशी ताईंनी शटल हातात धरून खेळ थांबवला. “मॅडम, एक तर आत या, न्हाईतर दार लावा. वारं येतंय शटलला.”

मी दार लावले. आतून लावले, एवढेच माझे त्या दिवसाचे कर्तृत्व.

त्यानंतर दीड-दोन वर्षे मी ‘मॅडम’च होते. “मॅडम, घ्या.” “मॅडम, मागं बघा.” आमची जोडी जमली तीही अशी अदबीने. त्या पुढे खेळत, मी मागे. तीन हंगाम मी त्यांची पाठ बघत खेळले: ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, वेणी वळून वर खोवलेली, आणि डावा खांदा जरासा उचललेला, म्हणजे आता नेटजवळ काहीतरी खोडी होणार. एकदा एका सामन्यात सरळ माझ्या डोक्यावर आलेले शटल मी नुसती बघत राहिले, तेव्हा त्या कडाडल्या, “अगं घे की गं भवाने!” लगेच जीभ चावली. त्या क्षणी मला इतका आनंद झाला की पुढचेही शटल मी सोडले. तेव्हापासून मी त्यांच्यासाठी ‘तू’ झाले. नाते मिळवायला मला एवढा काळ लागतो. ही गोष्ट पुढच्या हकिकतीत महत्त्वाची आहे.

आमचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. आसपासच्या कंपन्यांचे संघ एकमेकांच्या हॉलमध्ये खेळायला जातात. त्याआधीचे आठवडे मात्र विलक्षण धावपळीचे. गणपतीत आमचा हॉल मांडवासाठी जातो आणि विसर्जनानंतर परत मिळतो. तोवर सणांच्या मागणीमुळे लाइन दुप्पट वेगाने धावू लागलेली असते, घरी घटस्थापनेची साफसफाई, मुलांच्या सहामाही परीक्षा, मग फराळ. कुणालाही विचारा, या दिवसांत श्वास घ्यायला वेळ नाही असेच म्हणेल. आणि नेमक्या याच दिवसांत आम्हाला सराव करता येतो, याचे कारण अगदी साधे आहे: ओव्हरटाइमची बस. एरवी जनरल शिफ्ट सुटली की बस निघते आणि ती चुकली तर चाकणहून घरी पोहोचणे म्हणजे दिव्य. काम वाढले की संध्याकाळी उशिराची दुसरी बस सुरू होते. तिच्या भरवशावर आम्ही हॉलमध्ये थांबू शकतो. मंदी आली तर आमचे बॅडमिंटनही बंद.

ताई या दिवसांना कवेत घेत. दुसरा शब्द मला सुचत नाही. पहाटे घरातली जाजमे धुऊन यायच्या, दिवसभर स्टोअरमध्ये मालाच्या ट्रॉल्या लाइनला पोचवायच्या, संध्याकाळी अंगावरची खोक्यांची धूळ न झटकता कोर्टावर उतरायच्या. पितृपक्षात नवे काही सुरू करू नये असे कुणी म्हटले तर म्हणत, “आमच्या पितरांनी जन्मभर कुस्त्या केल्या. त्यांना काय वाटायचंय?” मी थकल्याचे बोलले की हसत. “रगाड्यातच अंग हलकं राहतं गं. रिकाम्या दिवसांत माणूस गंजतं.”

मलाही ते आठवडे हवेसे वाटत. पण माझे कारण इतके निरोगी नव्हते. हंगाम सुरू झाला की ताई सगळ्यांच्या होत. पेंट शॉपवाले शिट्ट्या मारत, दुसऱ्या कंपन्यांतल्या बायका त्यांच्यासोबत फोटो काढत, वेलफेअरचे साहेब सर्वांसमोर पाठ थोपटत. मधल्या आठवड्यांत मात्र बघणारे कुणी नसे. हॉलमध्ये त्या, मी, आणि छताला घरघरणारे पंखे. दुहेरीच्या इतर बायका आठवड्यातून एखाद-दुसऱ्या दिवशी थांबत, आम्ही रोज. ते दिवस मी वर्षभर डोळ्यांसमोर ठेवत असे.

त्या वर्षी गणपतीनंतर एक मुलगी आली. लातूरकडची, असेंब्लीला नव्याने ट्रेनी म्हणून लागलेली, पिंपरीला मैत्रिणींबरोबर खोली घेऊन राहणारी. जिल्ह्यापर्यंत खेळलेली होती. पहिल्याच संध्याकाळी तिने मागच्या रेषेवरून असे काही शटल उचलले की ताईंनी वळून बघितले. तीन हंगामांत माझ्या फटक्यासाठी त्या कधी वळल्या नव्हत्या. वळायची गरज नाही एवढा माझ्यावर विश्वास आहे, असा अर्थ मी आजवर लावला होता.

“कुठं शिकलीस गं?” ताईंनी विचारले.

पहिल्याच वाक्यात ‘तू’. ज्यासाठी मी दोन वर्षे मोजली होती ते या मुलीला पाणी प्यायला लागतो तेवढ्या वेळात मिळाले.

“शाळंत शिकवलंय की सरांनी. पण लई चुकायलंय ताई माझं, सवय मोडलीय.”

“चुकू दे की. आमी तरी कुठं बरोबर खेळतो? ह्या मॅडमना इचार.”

त्यांनी मला परक्यासमोर मानाने ‘मॅडम’ म्हटले, हे मला कळत होते. तरी तो शब्द लागला.

दोन-तीन दिवसांनी सकाळी बस मोशीला थांबली. माझी पिशवी जागेवर होती. ताई चढल्या आणि माझ्या पुढच्याच बाकावर त्या मुलीशेजारी बसल्या. मागे वळून मला म्हणाल्या, “हिला तो बॅकहँड सांगते जरा, तू पाय पसर आरामात.” आणि चाकणच्या चौकातल्या कोंडीत बस उभी राहिली तेव्हाही त्यांचे हात हवेत बॅकहँड मारत होते. मी पिशवी तशीच ठेवली. मागे एक बाई दांड्याला धरून उभी होती, तरीही ठेवली.

मत्सर हा शब्द मी परीक्षेसाठी षड्रिपूंच्या यादीत पाठ केला होता. त्याचे प्रत्यक्ष रूप फार किरकोळ असते, हे तेव्हा कळले. तिच्या रॅकेटच्या मुठीला साधी चिकटपट्टी गुंडाळलेली होती आणि ती मला असह्य होई. ती ‘थांबा की’ म्हणे त्यातला ‘की’ मला असह्य होई. तिची शिफ्ट बदलावी, तिला दुसऱ्या प्लांटला पाठवावे, असे मी मनोमन इच्छीत असे. लाइनचा सुपरवायझर माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. पण माझ्यासारखी माणसे वाईटही मनातल्या मनातच असतात. तोंडाने मी तिला, “छान खेळतेस हं,” एवढेच म्हणत होते आणि त्यावर ती खरोखर लाजत होती. यामुळे तर माझा संताप आणखी वाढे.

घट बसले आणि ताईंनी दरवर्षीप्रमाणे चपला सोडल्या. नवरात्रभर त्या अनवाणी असतात. कारखान्यात मात्र स्टोअरमध्ये सेफ्टी शूजशिवाय पाऊल टाकता येत नाही. गेटवरच्या रखवालदाराने छेडले, “काय ताई, देवी रागावत न्हाई का बुटाला?” तर म्हणाल्या, “तिला सांगून ठिवलंय, कंपनीचा बूट बूट म्हणून धरू नको, हत्यार म्हणून धर.” शिफ्ट संपली की ते हत्यार काढून त्या अनवाणीच हॉलमध्ये येत आणि सिमेंटच्या कोब्यावर तशाच खेळत. बारा महिने घरात आणि अंगणात अनवाणी वावरणारे ते पाय होते; त्यांना कोबा ओळखत होता.

“आमच्याकडं पण करतेत ताई,” मुलगी म्हणाली. “तुळजापूरला चालत जातेत अनवाणी. मी बारावीला असताना गेलते.” आणि तिथेच बसून बूट काढले. “आता करते की तुमच्यासंगं.”

“कर की. दोघी मिळून काटे काढत बसू.”

दोघी हसल्या. जाड, मऊ तळव्यांच्या बुटांत मी उभी होते. वाकडच्या मॉलमधून हे बूट मुलीने माझ्या वाढदिवसाला आणले होते. गेल्या तीन नवरात्रांत ताई अनवाणी आणि मी बुटांत अशाच आम्ही खेळलो होतो आणि त्यात मला काही वावगे वाटले नव्हते. कोर्टावर दोन अनवाणी माणसे दिसताच मात्र ते बूट मला परक्या गावचे वाटू लागले.

दुसऱ्या दिवशी मीही ते काढले.

देवीसाठी काढले असे म्हणण्याइतकी मी खोटी नाही. आमच्या घरी घट बसत नाहीत. नवसही कुणी कधी बोलले नव्हते. चौदाव्या मजल्यावरच्या गुळगुळीत फरशीवर सपाता घालून वावरणारे माझे पाय कोब्यावर पहिला वळसा घेतानाच चरचरले. पण ताईंचे लक्ष गेले आणि त्यांच्या भुवया वर गेल्या, म्हणून मी थांबले नाही. उलट एरवी सोडून दिली असती अशी शटलेही धावून घेतली. त्या दिवशी आणि पुढच्या दिवशी मी इतकी धावले की मुलगी म्हणाली, “मॅडमना आज वारंच लागलंय.” तिसऱ्या दिवशी मागच्या रेषेवर गर्रकन वळले आणि डाव्या टाचेवरची कातडी सालासारखी निघून आली.

ताईंनी मला भिंतीशी बसवले, माझा पाय मांडीवर घेतला, बाटलीतले पाणी ओतले.

“काय गं, तू काय धरलंयस?”

“काही नाही. असंच.”

“असंच कुणी पाय सोलून घेतं व्हय? देवी इचारंल, ही कोण? हिचा पत्ता न्हाई माझ्याकडं.”

मुलगी खुदकन हसली. मलाही हसू आले. ताई ओढणीच्या टोकाने माझा तळवा टिपत होत्या आणि कितीतरी दिवसांनी त्यांचे पूर्ण लक्ष माझ्याकडे होते. क्षणभर मला वाटले, सालटे गेले ते सार्थकी लागले. तेवढ्यात माझा पाय हातात तसाच धरून त्यांनी मान वळवली आणि त्या मुलीला म्हणाल्या, “उद्यापासून माझ्या मागं तू उभी राहा गं. हिला आता बरं व्हायला येळ लागंल.”

इतक्या साधेपणाने. मी तक्रार तरी कुणाकडे करणार? जागा मी स्वतःच्या पायाने सोडली होती.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. टूलरूममध्ये लाल कापडावर पाने-पकडी, ड्रिल, मोजमापाची अवजारे मांडतात. फोर्कलिफ्टलाही झेंडूची माळ चढते. आम्हा खेळणाऱ्यांचा त्यात एक वेगळा रिवाज आहे. आम्ही आमच्या रॅकेट त्याच टेबलाच्या कडेला ठेवतो आणि दुहेरीची जी जोडी त्या हंगामात खेळणार, तिच्या दोन रॅकेट लाल नाड्याने एकत्र बांधतो. वेलफेअरचे साहेब नावे नंतर विचारतात. जोडी ठरते ती त्या टेबलावर. गेली तीन वर्षे नाडा ताई बांधत आणि गाठीवर बोट मी धरत असे.

मी लंगडत गेले तेव्हा गाठ बांधून झाली होती. चिकटपट्टीची मूठ ताईंच्या मुठीला भिडलेली होती. माझी रॅकेट मी माझ्याच विभागाच्या मायक्रोमीटरशेजारी ठेवली. ताईंनी ते पाहिले, माळेतले सगळ्यात मोठे फूल तोडले आणि माझ्या जाळीवर ठेवले.

“तुला एकटीला अख्खं फूल.”

“एकेरीचं नाव देऊ का माझं?” मी विचारले. स्वतःसाठी मी कधी काही मागितले असेल तर ते एवढेच.

“एकेरीला पेंट शॉपची हाय. तू राखीव. पण रोज यायचं. येणार का न्हाई?”

मी मान डोलावली. त्या मुलीने मला पेढा दिला. तो मी खाल्ला.

पाय बरा झाल्यावर मी खरोखर रोज गेले. का गेले ते मला तेव्हाही माहीत होते: ओव्हरटाइमची बस दिवाळीपर्यंतच होती आणि त्यातली एकही संध्याकाळ त्या दोघींना एकट्यांना द्यायची माझी तयारी नव्हती. चौथे कुणी थांबत नव्हते, म्हणून ताईंनी तोड काढली: नेटच्या पलीकडे मी एकटी, अलीकडे त्या दोघी.

असे खेळलो त्या पहिल्या संध्याकाळी मी ताईंना प्रथमच समोरून पाहिले. तीन हंगाम पाठच पाहिली होती. फटका मारण्याआधी त्या खालचा ओठ दातांत धरतात, शटल आपल्या अंगावर येत असले की डोळे बारीक करतात. हे मला ठाऊकच नव्हते. पण डावा खांदा मला पाठ होता. तो उचलला की शटल कुठे पडणार हे त्या मुलीला अजून कळत नव्हते. मला कळत होते. मी आधीच तिथे उभी असे. आणि नेटवर खोडी करून झाली की त्यांची उजवी बाजू उघडी पडते, हेही एकट्या मलाच माहीत होते, कारण ती बाजू आजवर मागून मी झाकत आले होते. मी तिथेच मारत राहिले. मुलगी धावे, पोहोचत नसे. दोघींच्या रॅकेट एकमेकींवर आपटत. एकदा शटल ताईंच्या खांद्यावरच बसले.

“अगं, मारतेस का काय मला?” त्या गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होत्या. “सवतीवाणी खेळतीयास की! इतकी वर्षं हे कुठं दडवलं होतंस?”

“मागं उभी होते,” मी म्हणाले.

त्यांना ते फारच आवडले. बसमध्ये त्यांनी ते दोनदा सगळ्यांना सांगितले. पण बसल्या त्या मुलीशेजारी, कारण मी कुठे मारते आणि तिने ते कसे अडवायचे हे तिला समजावायचे होते. माझ्याविषयी बोलायला त्यांनी माझ्याऐवजी तिला निवडले होते. पुढच्या बाकावरून माझे नाव ऐकू येई. त्याचे सुख झाले की दुःख, ते मी अजूनही ठरवू शकलेले नाही. दुसऱ्या दिवशी ती उघडी बाजू थोडी झाकलेली होती. त्याच्या दुसऱ्या दिवशी आणखी. मी जितकी जळून खेळे तितकी त्यांची जोडी घट्ट होत जाई, आणि हे दिसत असूनही मला हलके खेळता येत नव्हते.

दिवाळीची सुट्टी लागण्याआधीच्या शेवटच्या संध्याकाळी मुलगी लवकर निघाली. वल्लभनगरहून तिची लातूरची एसटी होती. जाताना दोघींच्याही पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला आणि तो अगदीच खोटा नव्हता, कारण ती निघाली होती.

मग हॉलमध्ये ताई आणि मी. छताला पंखे. घरी त्यांची चकलीची भाजणी भिजवलेली होती, जाऊबाईंचे दोन फोन येऊन गेले होते, तरी त्या म्हणाल्या, “बस यायला येळ हाय. ये, मार.”

आम्ही गुण मोजले नाहीत. कुणी कुणाला चुकवले नाही. शटल नेटवरून जात-येत राहिले, लांब, उंच, एकमेकींच्या हाती देत असल्यासारखे. बाहेर ट्रक रिव्हर्स घेत होते, लाइनचा आवाज येत होता, आणि मला वाटत होते की मागणी अशीच वाढत राहावी, मालाचे ट्रक असेच भरत राहावेत, दिवाळी आणखी लांबावी. ती झाली की हंगाम होता; हंगामात ताई कोर्टावर असणार होत्या आणि मी खुर्चीत, मांडीवर त्या दोघींची घड्याळे आणि मोबाइल घेऊन. पण ही संध्याकाळ माझी होती. ताई खालचा ओठ दातांत धरून माझ्याकडे बघत होत्या, फक्त माझ्याकडे.

शटल त्यांच्या हातात थांबले. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

“काय गं, गाडी मिळाली असंल का पोरीला? गर्दी असतीया ह्या दिवसांत.”

“मिळाली असेल,” मी म्हणाले.

“फोन करू का?”

“सर्व्हिस करा ताई.”

त्यांनी केली, जराशी उंच. मी ते शटल त्यांच्या उघड्या बाजूला, अंगातली सगळी ताकद लावून मारले.